वस्तऱ्याची मोडलेली धार: दुरुस्ती, दर आणि ‘नाही’ म्हणण्याची वेळ



व्हिडिओत तुम्ही दगडावर फिरणारं पातं बघितलं. पण पातं दगडावर ठेवायच्या आधी जे ठरवावं लागतं ते कॅमेऱ्यात नीट दिसत नाही, आणि धार लावायच्या धंद्यात पैसे तिथेच मिळतात किंवा बुडतात. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा, कारण मध्ये दोन-तीन हिशोब आहेत.

आपला विषय आहे जुना, दुमडणारा, कायमच्या पात्याचा वस्तरा. त्याच्या धारेला खाच पडली, टोक तुटलं किंवा गंजाने खड्डे पडले, तर काय करायचं? आणि डहाणू-तलासरीसारख्या भागात या कामावर धंदा उभा राहतो का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीच सांगतो. नुसत्या वस्तऱ्यावर उभा राहत नाही. पण वस्तऱ्यावर हात बसला की बाकीची धार सोपी जाते, म्हणून शिकायला तो घ्यायचा.

आज वस्तरा घेऊन येतो कोण?

सलूनवाला सहसा येत नाही. किंग जिलेटला अमेरिकेत सेफ्टी रेझरचं पेटंट १९०४ साली मिळालं आणि घरची दाढी हळूहळू ब्लेडवर गेली. सलूनमध्येही आता बदलत्या ब्लेडचा वस्तरा असतो: प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं अर्धं ब्लेड, काम झालं की फेकून द्यायचं. आणि ते योग्यच आहे. एकच पातं अनेकांवर फिरवलं तर रक्तातून पसरणारे आजार जाऊ शकतात. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस टिकू शकतो. त्यामुळे कोणी म्हणालं, ‘हा वस्तरा नीट करा, दुकानात सगळ्यांना वापरतो’, तर त्याला बदलत्या ब्लेडचा वस्तरा घ्यायला सांगा.

मग उरले कोण? तीन प्रकारची माणसं. आजोबांचा वस्तरा पेटीत सापडलेली घरं. स्वतःची दाढी वस्तऱ्याने करायचा शौक असलेली मंडळी. आणि जुनी धोकटी जपून ठेवलेले नाभिक कारागीर. आपल्या भागात जुनी घरं भरपूर आहेत. डहाणू, घोलवड, बोर्डीच्या वाड्यांमधली इराणी-पारशी घरं घ्या किंवा किनाऱ्यावरची गावं घ्या. अशा घरातून शेफील्ड किंवा सोलिंगेनचा छाप असलेलं पातं निघू शकतं. हा छाप मुठीजवळ, पात्याच्या जाड मानेवर असतो.

या गिऱ्हाइकांना पहिला प्रश्न एकच विचारायचा: ‘काका, वापरायचाय की जपून ठेवायचाय?’

जपून ठेवायचा असेल तर धारेला हात लावायचं कारणच नाही. गंज काढा, तेल लावा, परत द्या. काम कमी, धोका कमी, आणि आजोबांच्या वस्तूचं लोखंडही वाचलं. दगडावर एकदा गेलेलं लोखंड परत येत नाही. हे वाक्य दुकानात लिहून ठेवलं तरी चालेल.

पात्याचा हिशोब समजून घ्या

वस्तऱ्याच्या पात्याला वरून जाड पाठ असते आणि खाली धार. दोन्ही बाजू आतल्या बाजूला खोलगट घासलेल्या असतात. धार लावताना पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. म्हणजे कोन तुम्ही हाताने धरत नाही, पाठीची जाडीच तो धरते. बनवणाऱ्याने कोन आधीच ठरवून दिलाय.

सोपं सूत्र लिहून घ्या: पाठीची जाडी ÷ पात्याची रुंदी × ५७ = धारेचा कोन.

समजा पाठ ४.५ मिमी जाड आहे आणि पातं १६ मिमी रुंद आहे. कोन आला सुमारे १६ अंश. दाढीसाठी छान.

आता खाच काढण्यासाठी २ मिमी पातं घासलं. रुंदी उरली १४ मिमी. कोन झाला १८ अंशांच्या वर. ३ मिमी घासलं तर जवळपास २० अंश. तोपर्यंत धार गालावर जड वाटायला लागते. शिवाय खोलगट घासलेलं पातं धारेकडे पातळ आणि पाठीकडे जाड असतं. जितकं वर जाल तितकं जास्त पोलाद घासावं लागतं, म्हणून वेळ दुपटीपेक्षा जास्त वाढतो.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. खाच किती मोठी दिसते यावर दर ठरवायचा नाही. ती किती खोल आहे यावर ठरवायचा. १० मिमी लांब पण पाव मिमी खोल खाच हे हलकं काम. २ मिमी रुंद पण २ मिमी खोल खाच हे जड काम, कारण तेवढ्या खाचेसाठी पूर्ण धार २ मिमी मागे न्यावी लागते.

पहिली दहा मिनिटं: तपासणी

लागतं काय? दहा पटीचं भिंग, व्हर्नियर किंवा चांगली स्टीलची पट्टी, रॉकेल आणि खडू.

१. रुंदी मोजा: धारेच्या दोन्ही टोकांना आणि मधोमध. आधी कोणी वेडंवाकडं घासलं असेल तर इथेच कळतं.

२. खाचेची खोली मोजा आणि भिंगाखाली तिचं मूळ बघा. खाचेच्या तळातून वर बारीक रेघ जाते का?

३. चीर तपासा. पात्याला रॉकेल लावा, पाच मिनिटं थांबा, कोरड्या फडक्याने पुसून काढा. मग खडूची पूड चोळा. चीर असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. जुन्या वर्कशॉपमधली ही पद्धत आहे, खर्च जवळजवळ शून्य.

४. रंग बघा. धारेजवळ निळसर किंवा जांभळट डाग असेल तर पातं कधीतरी तापलंय. तिथलं पोलाद मऊ झालेलं असतं. तिथे धार येते पण टिकत नाही.

५. मूठ बघा. खिळा सैल आहे का? पातं बंद करताना धार मुठीला लागते का? बऱ्याचदा खाच पडण्याचं कारण हेच असतं. कारण तसंच ठेवून धार लावली तर माणूस आठ दिवसांत परत येणार.

मुठीबद्दल अजून दोन गोष्टी. जुनी मूठ सेल्युलॉइडची असू शकते. ती लगेच पेट घेते आणि स्पिरिटने खराब होते, म्हणून वस्तरा स्पिरिटमध्ये बुडवून ठेवायचा नाही. आणि मूठ हस्तिदंती असेल तर ती विकत घ्यायच्या किंवा विकायच्या फंदात पडू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे.

तपासणी झाली की वस्तरा तीनपैकी एका गटात टाका:

- होईल: खाच अर्ध्या मिमीपेक्षा कमी, चीर नाही, गंज वरवरचा.
- होईल, पण सांगून: खाच अर्धा ते २ मिमी. पातं अरुंद होणार, दिसणं बदलणार, वेळ लागणार.
- नाही: चीर २ मिमीच्या वर गेलेली, निळं पडलेलं पातं, धारेतच खोल गंजाचे खड्डे, किंवा आधीच इतकं घासलेलं की कोन २० अंशांच्या पुढे जाईल.

हे आकडे कामासाठी धरलेल्या मर्यादा आहेत, कायदा नाही. पण मर्यादा ठरलेली असली की समोरच्याच्या आग्रहाने हात दगडाकडे जात नाही.

एक सूट लक्षात ठेवा. खाच अगदी टोकाला असेल तर सगळी धार मागे न्यायची गरज नाही. चौकोनी टोक घासून गोल करा, खाच त्यातच निघून जाते. मुठीकडच्या टाचेला खाच असेल तर तिथला कोपराही असाच गोल करता येतो. पंधरा-वीस मिनिटांचं काम, आणि पात्याची रुंदी तशीच राहते.

सामान

- पाण्याचे दगड: १०००, ४००० आणि ८००० ग्रिट. सुरुवातीला एवढे बस्स.
- दगड सपाट करायला जाड काच आणि त्यावर वॉटर पेपर.
- चामड्याचा पट्टा आणि हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट.
- विजेची टेप, मार्कर पेन, मशीनचं तेल.

बेंच ग्राइंडर या यादीत नाही, आणि तो वस्तऱ्याला लावायचाही नाही. वस्तऱ्याची धार कागदासारखी पातळ असते. कोरड्या चाकावर ती क्षणात तापते. धार पेंढ्यासारखी पिवळी झाली म्हणजे दोनशे अंशांच्या वर गेली, निळी झाली म्हणजे तीनशेच्या आसपास. तोपर्यंत पोलादाचं पाणी उतरलेलं असतं. बफिंगचं चाक तर अजून धोक्याचं, ते पातं हातातून खेचून फेकतं.

दुरुस्ती, पायरी पायरीने

पायरी १: साफ करा. पातं लाकडी फळीवर आडवं ठेवा. तेल लावलेल्या बारीक वॉटर पेपरने गंज काढा, पाठीकडून धारेच्या दिशेने. बोटं धारेच्या पुढे कधीही जाऊ द्यायची नाहीत. फार जोर देऊ नका, छाप पुसला गेला तर जुन्या वस्तूची किंमतच जाते.

पायरी २: रेघ मारा. खाचेच्या तळाला लागून, धारेला समांतर, मार्करने रेघ. तिच्या वर जायचं नाही.

पायरी ३: पाठीला टेप. जास्त घासायचं असेल तर पाठीला विजेच्या टेपचा एक थर लावा, म्हणजे पाठ झिजून सपाट पट्टे पडत नाहीत. टेपची जाडी दोन्ही बाजूंची मिळून साधारण ०.३ मिमी धरली तर वरच्या उदाहरणात कोन सुमारे १ अंशाने वाढतो. टेप फाटली की बदला. फाटक्या टेपवर दोन्ही बाजूंचा कोन वेगळा येतो.

पायरी ४: खाच काढा. अर्ध्या मिमीपेक्षा कमी असेल तर पातं १००० च्या दगडावर आडवं ठेवून नेहमीसारखं घासत राहा, खाच आपोआप निघते. जास्त खोल असेल तर पातं उभं धरा, धार खाली, आणि दगडावरून अगदी हलक्या हाताने ओढा, ब्रेडवर सुरी फिरवतात तसं. धार रेघेपर्यंत आली की थांबा. आता धार बोथट आहे आणि उजेडात तिच्यावर चमकणारी पांढरी रेघ दिसते. घाबरू नका, तसंच दिसायला हवं.

पायरी ५: नवा उतार बसवा. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. पातं आडवं, पाठ आणि धार दोन्ही टेकलेली, धार पुढे. दगड पात्यापेक्षा अरुंद असतो, म्हणून पुढे जाता जाता पातं टाचेकडून टोकाकडे सरकवत न्यायचं. परतताना पातं पाठीवरून उलटवा, धारेवरून कधीच नाही. एका बाजूला दहा, दुसऱ्या बाजूला दहा. जोर पात्याच्या वजनापेक्षा थोडाच जास्त. पांढरी रेघ पूर्ण नाहीशी होईपर्यंत १००० सोडायचा नाही. रेघ जिथे थोडीशी उरली तिथे धार नाहीच, पुढचा कुठलाही दगड ती आणणार नाही. हातावरचे केस त्वचेलगत सहज निघायला लागले, टाचेपासून टोकापर्यंत सगळीकडे, की १००० चं काम संपलं.

पायरी ६: ४०००, मग ८०००. प्रत्येक दगडाचं काम एकच: आधीच्या दगडाचे ओरखडे पुसायचे. भिंगाने बघा. जुने ओरखडे दिसतात तोपर्यंत तोच दगड. जोर कमी करत जायचा, ८००० वर तर फक्त पात्याचं वजन. दर वेळी दगड बदलताना पातं आणि हात धुवा. १००० चा एक कण ८००० वर गेला तर अर्धा तास वाया.

दगड सपाट आहे का हे रोज बघा. पेन्सिलने चौकटी काढा आणि काचेवरच्या वॉटर पेपरवर घासा. सगळ्या चौकटी एकदम पुसल्या गेल्या तर दगड सपाट.

पायरी ७: पट्टा. आधी हिरवी पेस्ट लावलेल्या पट्ट्यावर दहा-पंधरा वेळा, मग पातं पुसून साध्या चामड्यावर पन्नास-साठ वेळा. इथे दिशा उलटी: पाठ पुढे, धार मागे. धार पुढे गेली तर पट्टा चिरतो आणि धारही जाते. पट्टा ताणून धरा. सैल पट्ट्यावर धार गोल होते.

पायरी ८: तपासणी. एक केस मुळाकडून धरा, त्याचं मोकळं टोक धारेवर टेकवा. न ओढता तुटला पाहिजे, टाच, मध्य आणि टोक तिन्ही ठिकाणी. एकाच ठिकाणी अडतोय? मग तेवढ्यासाठी पूर्ण पातं परत ४००० वर.

पायरी ९: तेल. आपल्याकडे खारी हवा आहे आणि पावसाळ्यात हवेतच पाणी असतं. कार्बन पोलादाला रात्रीत गंज चढतो. पातं कोरडं करून मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवा. गिऱ्हाइकाला सांगा: चामड्याच्या पाकिटात ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं.

देण्याआधी पातं साबणाच्या पाण्याने धुऊन स्पिरिटने पुसा, पण ‘निर्जंतुक करून दिलं’ असं म्हणू नका. नुसतं पुसून पातं निर्जंतुक होत नाही. एक वस्तरा एकाच माणसाने वापरायचा, हे तोंडाने सांगा आणि चिठ्ठीवरही लिहा.

आता दर

‘शेजारचा शंभर घेतो म्हणून मी ऐंशी’ ही पद्धत इथे चालत नाही. खालचे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे आकडे टाकून परत करा.

समजा महिन्याला घरी १८,००० न्यायचे आहेत. गाळा आणि वीज मिळून ४,०००. एकूण २२,०००. महिन्यात २५ दिवस काम. दिवसात दगडासमोर बसून होणारं काम ४ तास धरा, कारण बाकीचा वेळ माल गोळा करण्यात, बोलण्यात आणि पोचवण्यात जातो. झाले १०० तास. तासाचा दर २२० रुपये.

- हलकं काम, ३० मिनिटं: ११० + सामान १५ = १२५. परत येणाऱ्या कामासाठी १० टक्के धरून सुमारे १४०.
- मध्यम काम, ७५ मिनिटं: २७५ + २५ = ३००. १० टक्के धरून ३३०.
- जड काम, ३ तास: ६६० + ४५ = ७०५. १० टक्के धरून सुमारे ७७५.

आता हे आकडे गिऱ्हाइकाच्या जागी बसून बघा. ज्याला फक्त दाढी करायची आहे तो ७७५ का देईल? नाहीच देणार. पण आजोबांचा वस्तरा परत चालता करायचा असेल तर देईल, फक्त त्याला आधी सांगितलं पाहिजे. काम झाल्यावर सांगितलेला आकडा गिऱ्हाइकाला फसवणूक वाटतो.

म्हणून माल घेतानाच चिठ्ठी करा. त्यावर पाच ओळी: आधीची रुंदी, खाचेची खोली, काम झाल्यावर साधारण किती रुंदी उरेल, दर, द्यायची तारीख. सोबत मोबाइलवर दोन्ही बाजूंचा फोटो. बोलायचं असं: ‘काका, खाच दीड मिमी खोल आहे. काढली तर पातं तेवढं अरुंद दिसेल. धार येईल, पण पातं होतं तसं दिसणार नाही. करू का?’ काका ‘राहू दे’ म्हणाले तरी तुमचं नुकसान नाही. उलट ते चार जणांना सांगतील की हा माणूस खरं बोलतो.

‘नाही’ गटातला वस्तरा परत देताना कारण दाखवा. भिंगातून चीर त्यांना स्वतः बघू द्या. खडूवरची रेघ डोळ्याने बघितली की कोणी वाद घालत नाही.

१०० तास भरायचे कसे?

तासाचा दर काढणं सोपं आहे, तास भरणं कठीण. समजा तुम्ही २० सलून धरली. प्रत्येकाच्या २ कैच्या, दर तीन महिन्यांनी एकदा. वर्षाला झाल्या १६०. एका कैचीला १५ मिनिटं धरली तर वर्षाचे फक्त ४० तास. तुम्हाला हवेत १,२००.

हे गणित न करता गाळा घेणारे अडकतात. महिन्यात ३० तासच काम मिळालं तर ६,६०० रुपये. त्यातून गाळा-विजेचे ४,००० गेले की हातात २,६००. म्हणून सुरुवात घरच्या ओट्यावरून, जोडधंदा म्हणून करा. तास साठ-सत्तरच्या पुढे जायला लागले की मग गाळ्याचं बघू.

आणि काम फक्त सलूनमध्ये शोधू नका. आपल्या दोन तालुक्यांत धार कुठे कुठे लागते ते बघा:

- चिकूच्या वाड्या. घोलवड चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वाडीत छाटणीच्या कात्र्या, कोयते आणि करवती असतात.
- ताडीवाले. ताड-शिंदीच्या कोयत्याला अतिशय बारीक धार लागते. हे लोक स्वतः उत्तम धार लावतात. त्यांच्याकडून शिका, आणि मोडलेल्या पात्याचं काम मागा.
- मासळी बाजार. कोयते आणि विळ्या, रोज वापर, लवकर बोथट.
- शिंपी, हॉटेलं, मटण-चिकनची दुकानं. महामार्गावर चारोटी ते तलासरी या पट्ट्यात हॉटेलांच्या स्वयंपाकघरातल्या सुऱ्याच किती असतील, मोजून बघा.
- भातकापणी आणि गवतकापणी. काम दिवाळीच्या आगेमागे येतं. साधे विळे घ्या. वैभव विळ्यासारखे दातेरी विळे दगडावर घासू नका, दातेच जातील.

दोन सूचना. सलूनच्या महागड्या कैच्यांना आतून खोलगट आणि बाहेरून फुगीर धार असते. ती वस्तऱ्यासारखी सपाट दगडावर लावली तर कैची वाया जाते. वेगळं शिकल्याशिवाय त्या घेऊ नका. आणि सलूनचा माल सुट्टीच्या दिवसाला धरून आणा. बरीच सलून सोमवारी बंद असतात. रविवारी रात्री कैच्या गोळा करा, मंगळवारी सकाळी दुकान उघडायच्या आत पोचवा. कारागिराचा एक तासही बुडाला नाही तर पुढच्या खेपेला तो स्वतः फोन करतो.

शिकण्यासाठी लांब जायची गरज नाही. चिंचणी-वाणगाव भागात दागिन्यांचे डाय बनवणारे कारागीर आहेत. पोलादाला पाणी कसं द्यायचं, बारीक दगड कसा चालवायचा, हे त्यांच्याकडे चार दिवस बसून कळतं तेवढं व्हिडिओतून कळत नाही, माझ्यासुद्धा.

कागदपत्रं थोडक्यात

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, तिच्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानाला महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. धार लावणं त्यात वेगळं नाही, पण नाभिक, लोहार आणि हातोडा-अवजारं बनवणारे आहेत. तुम्ही खरोखर त्यापैकी काम करत असाल तर प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज मिळू शकतं. पण कर्ज घ्यायच्या आधी वरचं तासांचं गणित करा. हप्ता दर महिन्याला येतो, गिऱ्हाईक येईलच असं नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

१. भंगारातून किंवा घरातून एक मोडकी सुरी किंवा जुना वस्तरा आणा. धार लावू नका. फक्त तपासणी करा, सूत्राने कोन काढा, तीनपैकी गट ठरवा आणि चिठ्ठी लिहा.

२. तुमच्या गावात पायी फिरा आणि धार लागणाऱ्या दहा जागा लिहा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी: किती पाती, किती दिवसांनी बोथट होतात, आत्ता कोण धार लावून देतं.

३. त्यावरून महिन्याचे तास काढा. शंभरपैकी किती भरले?

हा तिसरा आकडा हातात असल्याशिवाय एकही दगड विकत घेऊ नका. पुढच्या भागात कैची घेऊ, तिचा स्क्रू, तिचा ताण आणि दोन पाती एकमेकांना कुठे भेटतात ते. तोपर्यंत गृहपाठ पूर्ण करून ठेवा.